सत्त्व आणि अनुपान

नरकचतुर्दशीच्या पहाटे महाराष्ट्रातल्या घराघरांतून रसायनशास्त्राचा एक प्रयोग होतो आणि तो प्रयोग आहे याची कुणाला गंधवार्ताही नसते. अंगाला सुवासिक तेल चोळले जाते. मग ऊन पाण्याचा तांब्या अंगावर घ्यावा, तर पाणी तेलावरून मोत्यांसारखे ओघळून जाते. तेल काही जागचे हलत नाही. तेलापाण्याचे हे वैर सनातन आहे. अशा वेळी उटण्याची वाटी पुढे येते. उटण्याच्या पिठाचे बारीक कण तेल स्वतःला लपेटून घेतात, आणि जे तेल पाण्याला मुळीच दाद देत नव्हते तेच पिठाच्या खांद्यावर बसून मुकाट्याने मोरीची वाट धरते.

उटणे हा मध्यस्थ झाला. ज्या दोघांचे पटत नाही त्यांच्यामध्ये तिसऱ्याने उभे राहावे आणि काम तडीस न्यावे, ही रीत सोयरिकीत चालते तशीच ती निसर्गातही चालते. या लेखात मला अशाच एका मध्यस्थाची हकीगत सांगावयाची आहे. फरक इतकाच की, अभ्यंगस्नानात तेल अंगावरून काढून टाकावयाचे असते, आणि येथे तेलात दडलेले एक मोलाचे सत्त्व पाण्याच्या वाटेने शरीराच्या आत पोचवावयाचे आहे.

मी मराठीचा प्राध्यापक. माझा व्यवहार शब्दांशी, परीक्षानळीशी नव्हे. पण या विषयाकडे मला ओढून नेले तेही एका शब्दानेच. तो शब्द म्हणजे ‘अनुपान’. आपल्या वैद्यकाने औषधाइतकाच मान अनुपानाला दिला आहे. मात्रा मधातून घ्यावयाची, की तुपातून, की कोमट दुधातून, हे वैद्यबुवा बजावून सांगत. औषध तेच, पण ते कशाच्या संगतीने पोटात जाते यावर गुण अवलंबून, हा त्यामागचा विचार. आज जगभरच्या प्रयोगशाळांतून प्रथिनांचे जे सूक्ष्मकण तयार होत आहेत, ते म्हणजे या अनुपानाचीच नवी आवृत्ती होय, असे मला वाटते.

नावात काय आहे?

प्रथम पात्रपरिचय. पोलंडमध्ये जन्मलेल्या कासिमिर फुंक या रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली ‘व्हायटामाइन’ हा शब्द बनविला. ‘व्हायटा’ म्हणजे जीवन आणि ‘अमाइन’ म्हणजे नायट्रोजनयुक्त द्रव्यांचा एक वर्ग. पुढे असे ध्यानात आले की, या मंडळींपैकी सर्वच काही अमाइन नाहीत. अ आणि ड या जीवनसत्त्वांत तर नायट्रोजन औषधालाही नाही! म्हणून १९२० साली जॅक ड्रमंड या इंग्रज शास्त्रज्ञाने त्या शब्दाच्या शेपटीचे एक अक्षर छाटण्याची सूचना केली आणि ‘व्हिटॅमिन’ उरले. आपल्या ‘जीवनसत्त्व’ या शब्दाला अशी छाटाछाट करावी लागली नाही. तो पहिल्यापासूनच निर्दोष आहे.

दुसरे पात्र प्रथिन. युरोपात १८३८ साली ‘प्रोटीन’ हे नाव रूढ झाले ते ‘प्रथम दर्जाचे’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. आपल्या ‘प्रथिना’तही ‘प्रथम’चा ध्वनी ऐकू येतो. ध्वनीही साधला आणि अर्थही साधला, असा योग परिभाषेत क्वचितच येतो.

जीवनसत्त्वांचे दोन तट आहेत. ब आणि क ही पाण्यात विरघळणारी. अ, ड, ई आणि के ही तेला-तुपात विरघळणारी. संस्कृतात तेलाला आणि मायेला ‘स्नेह’ हा एकच शब्द आहे, आणि ही चार जीवनसत्त्वे त्या अर्थाने खरी स्नेहाळ. पाण्यात टाकली तर ती विरघळत नाहीत. वर तरंगतात, भांड्याला चिकटतात, नाहीतर गोळा होऊन बसतात. आणि आपल्या शरीराचा सारा कारभार तर पाण्याचा! लाळ पाणी, जठररस पाणी, रक्तही बव्हंशी पाणीच. या पाणथळ राज्यात स्नेहाळ पाहुण्याने शिरावे कसे, हाच काय तो प्रश्न.

लोणी परदेशी, अंधार घरी

प्रश्न किती जिवावरचा आहे, हे पहावयाचे तर शंभर वर्षांपूर्वीच्या डेन्मार्कला गेले पाहिजे.

१९१३ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात एल्मर मॅकॉलम आणि मार्गारेट डेव्हिस यांनी उंदरांवर प्रयोग केले. चरबी किंवा ऑलिव्ह तेल दिलेल्या उंदरांची वाढ काही काळाने खुंटे. तेच लोण्यातील किंवा अंड्याच्या बलकातील स्निग्धांश दिला की ते पुन्हा वाढीला लागत. म्हणजे स्निग्ध पदार्थ सारे सारखे नव्हेत. लोण्यात काहीतरी अधिक आहे. त्या ‘काहीतरी’लाच पुढे अ जीवनसत्त्व हे नाव मिळाले.

उंदरांवर झालेला हा प्रयोग लवकरच माणसांच्या मुलांवर झाला. तो कुणी ठरवून केला नव्हता, बाजाराने केला. डेन्मार्क हा दुधा-लोण्याचा देश. पहिल्या महायुद्धाच्या काळात तेथील लोणी चढ्या भावाने परदेशी जाऊ लागले. गरिबांच्या घरी उरले ते साय काढलेले दूध आणि वनस्पती तेलांचे मार्गारीन. कोपनहेगनच्या कार्ल ब्लोक या बालरोगतज्ज्ञाकडे डोळे कोरडे पडलेली, बुबुळ मऊ होऊन दृष्टी जाऊ लागलेली मुले येऊ लागली. एका बालकाश्रमात ब्लोकला असे आढळले की, ज्या इमारतीतील मुलांना सायीसकट दूध मिळत होते तेथे हा विकार नाही. जेथे मार्गारीन आणि सायविरहित आहार चालू होता तेथे मात्र तो आहे. त्याने मुलांना कॉड माशाच्या यकृताचे तेल दिले आणि डोळे सुधारले.

याच्याही पुढची गोष्ट मोठी बोलकी आहे. १९१७ साली पाणबुड्यांच्या युद्धामुळे आयात-निर्यातीची कोंडी झाली. मार्गारीनचा कच्चा माल येईना, लोणी बाहेर जाईना. वर्षाअखेर सरकारने लोण्याचे रेशनिंग केले आणि गरिबाच्या पानातही लोणी पडू लागले. १९१८ साली हा नेत्रविकार जवळजवळ नाहीसा झाला! पुढे निर्यात पूर्ववत सुरू झाली, तसा तोही परत आला.

ही मुले उपाशी नव्हती. त्यांना दूध मिळत होते; केसीन मिळत होते, साखर मिळत होती, चुना मिळत होता. फक्त साय निघाली आणि सायीच्या पाठोपाठ डोळ्यांचे तेजही निघून गेले. स्नेह काढला की स्नेहाश्रित सारे जाते, एवढाच त्याचा अर्थ. पण तो समजण्यासाठी काही मुलांना डोळे द्यावे लागले.

पित्ताची बदनामी

तेव्हा तेलातले सत्त्व ताटात असले पाहिजे हे खरे. पण ताटात असणे आणि रक्तात पोचणे यांमध्ये बरेच अंतर आहे.

मराठीत पित्ताची फार बदनामी झालेली आहे. राग आला की पित्त खवळते, जागरण झाले की पित्त वाढते. वस्तुतः पित्तरस नसता तर तूप खाऊनही आपण कोरडेच राहिलो असतो. आतड्यात उतरलेल्या तेलाचे पित्तरस अगदी बारीक बारीक थेंब करतो. साबण जसा ताटाचा तेलकटपणा पाण्यात ओढतो, तसाच. मग पाचकरस त्या थेंबांवर काम करतात आणि त्यांतील जीवनसत्त्वे पित्ताच्या अतिसूक्ष्म पुंजक्यांत बसून आतड्याच्या भिंतीपर्यंत जातात. थेंब जितका बारीक तितका पृष्ठभाग मोठा, आणि पृष्ठभाग जितका मोठा तितके काम लवकर. सुपारी अख्खी चघळण्यात आणि कातरून खाण्यात जो फरक, तोच येथे.

यावरून आपल्या स्वयंपाकघरातील एका जुन्या चालीचे मर्म कळते. २००४ साली अमेरिकेतील आयोवा येथे काही जणांना कच्च्या भाज्यांची कोशिंबीर खाऊ घालण्यात आली. कधी तेल नसलेली, कधी थोडे तेल असलेली, कधी पुरेसे. तेल नसलेली कोशिंबीर खाल्ल्यावर भाज्यांतील कॅरोटीन, म्हणजे ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनविते ते द्रव्य, रक्तात जवळजवळ उतरलेच नाही. माठाच्या किंवा शेवग्याच्या पाल्याच्या भाजीला तेलाची खमंग फोडणी देणाऱ्या आपल्या आयाबायांनी आयोवाचे नाव ऐकलेले नव्हते. त्यांना अनुपान ठाऊक होते.

दुधाने सोडविलेले कोडे

आता ज्या मध्यस्थासाठी हा सारा प्रपंच मांडला त्याच्याकडे वळू.

दूध ही वस्तू आपण इतकी नित्य पाहतो की, तिचे आश्चर्य वाटेनासे झाले आहे. दूध म्हणजे बहुतांशी पाणी, आणि त्या पाण्यात लोणी! तेलापाण्याचे वैर असताना दोघे एका भांड्यात इतक्या सलोख्याने नांदतात कसे? तर लोण्याच्या प्रत्येक कणाभोवती प्रथिने आणि त्यांचे काही सोबती यांचे एक तलम आवरण असते. प्रथिनाच्या लांब साखळीचा काही भाग तेलाची आवड धरणारा आणि काही पाण्याची. तेलप्रिय भाग थेंबाकडे तोंड करतो, जलप्रिय भाग बाहेर पाण्याकडे. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, असे म्हणतात. प्रथिन मात्र दोन्ही घरांचे होऊन दोन्ही घरे राखते.

दुसरे आश्चर्य केसिनाचे. गाईच्या दुधातील प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असते आणि ते सुटे सुटे न राहता पुंजक्यांनी राहते. एका पुंजक्याचा व्यास सरासरी दीडशे नॅनोमीटरच्या आसपास. एका मिलिमीटरच्या अंतरात असे सहा-सात हजार पुंजके शेजारी शेजारी बसतील! हे पुंजके आणि लोण्याचे कण प्रकाश विखुरतात म्हणून दूध पांढरे दिसते. या पुंजक्यांचे मूळ काम वासराची हाडे घडविणे. कॅल्शियम फॉस्फेट पाण्यात नीट विरघळत नाही; ते केसीन आपल्या पोटात धरून नेते. न विरघळणाऱ्याला विरघळल्यासारखे करून पोचते करणे, ही युक्ती माणसाच्या कितीतरी आधी गाईला साधलेली आहे.

तिसरे आश्चर्य निवळीत आहे. श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून टांगले की खाली जे हिरवट पाणी ठिबकते ती निवळी. चक्क्याच्या मोहात आपण ती ओतून देतो. तिच्यात बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन नावाचे प्रथिन असते. १९८६ साली त्याची रचना उलगडली, तेव्हा असे दिसले की त्याची घडी एखाद्या द्रोणासारखी आहे आणि द्रोणाचा आतला भाग तेलप्रिय आहे. अ जीवनसत्त्वाचा रेणू त्यात बसू शकतो. एवढेच नव्हे, तर आपल्या रक्तात अ जीवनसत्त्व वाहून नेणारे जे प्रथिन आहे त्याच्याशी या द्रोणाची ठेवण मिळतीजुळती निघाली.

निसर्गाने एवढी तयारी करून ठेवली असता शास्त्रज्ञांनी तिचा लाभ न घेतला तरच नवल. इस्रायलमध्ये हैफा येथील टेक्निऑन या संस्थेतील योआव्ह लिव्हनी आणि त्यांचे सहकारी यांनी २००७ साली केसिनाचे पुंजके उकलून, त्यांत ड जीवनसत्त्व घालून, ते पुन्हा जुळवून दाखविले. जुळवलेले पुंजके मूळच्यांच्या आकाराचेच झाले आणि अतिनील किरणांनी होणाऱ्या नाशापासून त्यांनी आतील जीवनसत्त्वाला काही अंशी सांभाळले. पुढे २०१७ साली माणसांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नेहमीचे कृत्रिम मिश्रणकारक द्रव्य वापरून दिलेल्या ड जीवनसत्त्वाच्या तुलनेत केसिनातून दिलेले कमी पडले नाही. म्हणजे दुधाने वापरलेली तीच पालखी, फक्त आत बसविलेला पाहुणा नवा.

खरवसाच्या वड्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या

हे सूक्ष्मकण प्रत्यक्ष घडवितात कसे? यंत्रे मोठी असतील, पण मर्म मराठी घराला नवे नाही.

गाय व्याल्यावर पहिल्या दिवसांचा चीक आपण वाफवतो आणि त्याचा खरवस होतो. साधे दूध कितीही तापविले तरी त्याची वडी पडत नाही. चिकाची पडते, कारण त्यात निवळीच्या जातीची प्रथिने भरपूर असतात. उष्णता लागली की या प्रथिनांच्या घड्या उलगडतात, उलगडलेल्या साखळ्या एकमेकींत गुंततात आणि त्या जाळ्यात पाणी अडकून बसते. आता अशी कल्पना करावी की, वाफवण्याआधी त्या द्रवात जीवनसत्त्वयुक्त तेल घालून ते इतके घुसळले की तेलाचे डोळ्यांना न दिसणारे थेंब झाले, आणि प्रत्येक थेंबाभोवती प्रथिनाचे आवरण बसले. मग उष्णता देऊन, किंवा थोडे कॅल्शियम घालून, किंवा आंबटपणा वाढवून ते आवरण घट्ट केले. झाला सूक्ष्मकण! केसाच्या जाडीहून कितीतरी बारीक अशा कोट्यवधी खरवसाच्या वड्या, आणि प्रत्येक वडीच्या पोटात स्नेहाचा एक थेंब.

त्यांची कोरडी भुकटी करण्याची रीतही ऐकण्यासारखी आहे. हा द्रव गरम हवेच्या झोतात तुषारांनी फवारतात. हवा कढत असली तरी थेंब लगेच तापत नाही. त्यातील पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेबरोबर उष्णता निघून जाते. उन्हाळ्यात माठातले पाणी गार राहते ते याच न्यायाने. काही क्षणांत थेंब वाळतो, आतले नाजूक सत्त्व फारसे न पोळता. दुधाची भुकटी अशीच होते.

या विद्येच्या इतिहासातील एक दुवा तर भलत्याच ठिकाणी सापडतो. जिलेटीन हे प्रथिन आणि बाभळीच्या कुळातील झाडाचा डिंक एकत्र आणून त्यांचे दाट थेंब वेगळे काढण्याची क्रिया बुंगेनबर्ग द यॉंग आणि क्राउट या डच शास्त्रज्ञांनी १९२९ साली वर्णिली. तिचा मोठा व्यावहारिक उपयोग झाला तो औषधात नव्हे, कचेरीत! अमेरिकेतील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीच्या बॅरेट ग्रीन यांनी या क्रियेने शाईच्या तेलकट द्रव्याभोवती जिलेटिनची कवचे बसविली आणि १९५४ साली कार्बनशिवाय प्रत काढणारा कागद बाजारात आला. पावती लिहिताना पेनाच्या दाबाने कवचे फुटतात आणि खालच्या कागदावर अक्षर उमटते. पावतीपुस्तकावर जे कवच पेनाच्या दाबाने फुटते, तेच आतड्यात पाचकरसाने फुटावे, एवढाच पुढचा विचार.

पाच कसोट्या

‘एवढाच’ म्हटले खरे, पण हे सोपे नाही. अशा कणाला पाच परीक्षा द्याव्या लागतात.

पहिली परीक्षा उजेडाची आणि हवेची. अ जीवनसत्त्व दोन्हींनी नासते. पारदर्शक पिशवीतले दूध उजेडात पडून राहिले की नुकसान होतेच. कवच ते कमी करते.

दुसरी चुलीची. आपण दूध उकळल्यावाचून पीत नाही आणि पीठ भाजल्यावाचून खात नाही. प्रथिनाचे कवच शिजताना बदलते, कधी उकलते. म्हणून काही संशोधक प्रथिनाऐवजी कृत्रिम बहुवारिकांची कवचे करू लागले. अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी २०१९ साली अशा कवचातील जीवनसत्त्वे दोन तास उकळूनही बरीच टिकतात असे दाखविले. प्रथिनाचा कण मात्र न शिजविता घेण्याच्या पदार्थात अधिक शोभतो.

तिसरी परीक्षा जठराची. तेथे आम्ल आहे आणि प्रथिने तोडणारा पाचकरसही आहे. कवच फार कच्चे असेल तर येथेच फुटेल. फार पक्के असेल तर आतड्यातही फुटणार नाही आणि सारा ऐवज जसाच्या तसा बाहेर जाईल. पालखीने मुक्कामाला पोचले पाहिजे, पण मुक्कामाला दारही उघडले पाहिजे.

चौथी परीक्षा सोवळ्याची. हिला कुणी हसू नये. बाजारातील अ जीवनसत्त्वाच्या कोरड्या कणांना जुन्या काळापासून जिलेटीन वापरीत आले आहेत आणि जिलेटीन येते जनावरांच्या कातड्या-हाडांतून. शाकाहारी घरात ते कसे चालावे? म्हणून दुधाची प्रथिने, सोयाबीन, वाटाणा आणि मका यांच्याकडे संशोधकांची दृष्टी वळली आहे. मक्यातील झीन या प्रथिनाला जॉन गोरॅमने १८२१ साली नाव दिले. ते पाण्यात विरघळत नाही, पण पाणी मिसळलेल्या अल्कोहोलात विरघळते. त्यात तेलकट सत्त्व घालून पुन्हा पाणी वाढविले की झीन बारीक कणांच्या रूपाने बाहेर पडते आणि सत्त्वाला आपल्या आत कोंडून घेते. ज्या समाजात खाण्याचे नियम आहेत त्या समाजाला ते न मोडता पोषण देता येत असेल, तर ते देणे हे शास्त्राचे कामच आहे.

पाचवी आणि सर्वांत अवघड परीक्षा किमतीची. प्रयोगशाळेतला कण कितीही गुणी असो, तो पिशवीची किंमत वाढवून आला तर ज्याला हवा त्याच्या घरी पोचत नाही.

आपल्या दारातला डेन्मार्क

ही पाचवी परीक्षा मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण डेन्मार्कची ती गोष्ट आपल्यापासून फार दूर नाही.

मुंबईच्या दूध योजनेचे दारा खुरोडी यांनी गेल्या शतकाच्या चाळिशीत एक नामी युक्ती काढली. म्हशीच्या दाट दुधात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळून स्निग्धांश ३ टक्क्यांवर आणावयाचा. त्याचे नाव टोन्ड दूध. दूध स्वस्त झाले, वाढले, अधिक मुलांच्या तोंडी गेले. १९६३ साली खुरोडींना मॅगसायसाय पारितोषिक मिळाले, ते वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासमवेत. ही कामगिरी थोरच होती. पण हिशेब हिशेब असतो. प्रथिने आणि चुना राखला तरी स्निग्धांश अर्धा झाला की त्याच्या आश्रयाचे अ आणि ड हेही त्याच मापाने घटतात. डबल टोन्ड दुधात तर स्निग्धांश दीडच टक्का.

या घटीची भरपाई करण्यासाठी २०१८ साली अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने दुधात ही दोन्ही जीवनसत्त्वे घालण्याची मापे ठरविली. लिटरमागे अ २७० ते ४५० मायक्रोग्रॅम आणि ड ५ ते ७.५ मायक्रोग्रॅम. पाच मायक्रोग्रॅम म्हणजे किती, याचा अंदाज असा करावा की, एक ग्रॅम ड जीवनसत्त्व दोन लाख लिटर दुधाला पुरते! एवढा कणभर स्नेह एवढ्या दुधात सर्वत्र सारखा पसरावयाचा, एका पिशवीत ढीगभर आणि दुसरीत शून्य असे होऊ द्यावयाचे नाही. योग्य वाहकावाचून हे होणे शक्यच नाही. अशा दुधाच्या पिशवीवर अधिकचिन्ह आणि इंग्रजी ‘एफ’ अशी निळी खूण असते. यंदा दूध घेताना ती जरूर पाहावी.

हे सारे कुणासाठी? २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या देशव्यापी पोषण सर्वेक्षणात एक ते चार वर्षांच्या मुलांपैकी सुमारे १८ टक्के मुलांत अ जीवनसत्त्वाची उणीव आढळली. ऊन्ह फुकट मिळणाऱ्या आपल्या देशात याच वयाच्या सुमारे १४ टक्के मुलांत ड जीवनसत्त्व उणे होते. या उणिवेची भीती डोळ्यांपुरतीच नाही. आल्फ्रेड सॉमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंडोनेशियातील आचे येथे केलेल्या पाहणीत अ जीवनसत्त्व दिलेल्या गावांत लहान मुलांचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटले, हे १९८६ साली प्रसिद्ध झाले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या उत्तर प्रदेशातील फार मोठ्या पाहणीत हा लाभ बराच कमी दिसला, हेही सांगितले पाहिजे. पण रातांधळेपणा आणि बुबुळाचा नाश अ जीवनसत्त्वाने टळतो, याविषयी दुमत नाही.

आपल्या देशात १९७० सालापासून बालकांना अ जीवनसत्त्वाचा तेलकट डोस देण्याची योजना आहे. नवव्या महिन्यात एक लाख एकके आणि नंतर पाचव्या वर्षापर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाख. दोन लाख एकके म्हणजे अवघे साठ मिलिग्रॅम! ते यकृतात साठून राहते आणि महिनोन्महिने पुरते. स्नेहाळ जीवनसत्त्वांचा हा मोठा गुण, आणि हाच त्यांचा धोकाही. ती साठतात, म्हणून जास्त झाली की बाधतात. तेव्हा डबा सुंदर दिसला, जाहिरात गोड वाटली, म्हणून आपल्याच मनाने ही जीवनसत्त्वे मुलांना पाजणे धोक्याचे आहे. अनुपान जितके उत्तम तितके मापही काटेकोर हवे.

प्रथिनांच्या सूक्ष्मकणांविषयी वाचताना माझ्या मनात एक शंका घर करून बसली, ती येथे मांडतो. नव्या युक्त्या प्रथम महागड्या डब्यांत शिरतात. व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणाची भुकटी, सुखवस्तू घरातील आजोबांचे पेय, अशी त्यांची वाट असते. त्या घरांत सायही असते आणि तूपही. ज्या बालकाच्या वाट्याला भाताची पेज आणि पातळ दूध येते, त्याला हा कण सर्वांआधी हवा. अंगणवाडीतल्या आहारात, शाळेतल्या दुधात, स्वस्त पिशवीत तो आधी गेला पाहिजे. निवळी आपल्या देशात विपुल आहे. पनीर आणि चक्का करणाऱ्या कारखान्यांना तिचे काय करावे हा प्रश्नच पडतो. जी वस्तू ओतून दिली जाते तिच्यातूनच वाहक मिळतो, तर तो महाग असण्याचे कारण काय?

शास्त्रज्ञांनी तेलाला पाण्यातून नेण्याची वाट शोधली आहे. दुधाने ती त्यांना दाखविली. पण आतड्यापर्यंत पोचविणाऱ्या कणाला आधी त्या मुलाच्या तोंडापर्यंत पोचविणारे कुणीतरी लागते. ते काम प्रथिन करू शकत नाही. ते दूध संघाचे आहे, सरकारचे आहे, अंगणवाडीच्या सेविकेचे आहे, आणि शेजारच्या मुलाला सहामाही डोस मिळाला की नाही याची सहज चौकशी करणाऱ्या तुमचे-आमचेही आहे. या दिवाळीत फराळाचे ताट शेजारी पाठवाल, तेव्हा त्या घरात पाच वर्षांखालील मूल असेल तर तेवढे अवश्य विचारावे.